रो-हाऊसमध्ये दुकान, शेड, जादा खोली काढताय? या चुका टाळा (सांगली-मिरजेच्या लोकांसाठी)

आमची गल्ली विश्रामबागच्या मागच्या अंगाला, दहा रो-हाऊसची एकच ओळ, भिंतीला भिंत चिकटलेली. बिल्डरनं ताबा दिला तेव्हा सगळी घरं एका साच्यातली होती, आता बघाल तर एकाच्या पार्किंगमध्ये स्टेशनरीचं दुकान, एकाच्या हॉलमध्ये ट्यूशन, एकानं मागची बोळ पत्रा टाकून किचनमध्ये घेतली, आणि आमच्या गच्चीवर शेड. हो, आमच्याही. त्याचं पुढं सांगते.

मी दोन वर्षं सोसायटीची सेक्रेटरी होते, त्यामुळं ज्याला महापालिकेची नोटीस आली तो पहिला आमच्या दारात. "वहिनी, हे बघा काय आलंय." एवढ्या नोटिसा वाचल्यावर एक कळलं, लोक नियम मोडायचेत म्हणून मोडत नाहीत. प्रत्येकाच्या हातात कुठला ना कुठला कागद असतोय आणि त्याला मनापासून वाटत असतं की हीच परवानगी. कागद खरा असतो, फक्त तो दुसऱ्याच कामाचा असतो.

शॉप ॲक्ट काढलं म्हणजे दुकानाला परवानगी मिळाली

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. २०१७ च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार थोडेच असतील तर नुसती ऑनलाईन सूचना द्यायची, लगेच पावती येते. ती पावती देताना कुणी बघत नाही की तुमचं घर रहिवासी झोनमध्ये आहे का, रस्ता किती रुंद आहे, नकाशात तिथं पार्किंग दाखवलंय का. उद्यम रजिस्ट्रेशनचं तेच, खाद्यपदार्थाच्या लायसनचं तेच. महावितरणचं मीटर कमर्शियल करून घेतलं तर बिल कमर्शियल येणार एवढंच, जागेचा वापर बदलला असं त्यातून होत नाही.

आणि वापर बदलणं हे स्वतःच एक 'विकसन' आहे बरं का. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या व्याख्येतच आहे की जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात मोठा बदल केला तर तेसुद्धा विकसन. म्हणजे एक वीटही न लावता, नुसतं पार्किंगला शटर बसवून तुम्ही परवानगी लागणारं काम करून बसलेले असता. स्टेशनरीवाल्या काकांना हे पटेचना. "मी बांधलंय काय? शटर तर लावलंय!" त्यांचं म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं, पण नकाशात ती जागा गाडीची आहे.

मग घरात काहीच करायचं नाही का? तसं नाही. आत्ताची बांधकामाची नियमावली म्हणजे यूडीसीपीआर, डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे भाग सोडून जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे, सांगली-मिरज-कुपवाड पण त्यात आलं. त्यात घरगुती व्यवसाय म्हणून एक सोय आहे. घरातल्याच माणसानं करायचा, पगारी माणूस ठेवायचा नाही, बाहेरून बघणाऱ्याला कळेल असा बोर्ड किंवा माल मांडायचा नाही, विकायचं ते तिथंच बनवलेलं पाहिजे, धोक्याचं काही नको, आणि मोटर लावली तर एकूण लोड ०.७५ किलोवॅटच्या आत. म्हणजे साधारण एक हॉर्सपॉवर. शिवणकाम, पापड-लोणची, घरी बसून अकाउंटचं काम हे यात सहज बसतं. खाणावळ, चहाचा गाडा, बाहेरच्या लोकांना बसवून खायला घालणं मात्र या सोयीतून सरळ वगळलंय. शेजारच्या वहिनी डबे करून देतात, बोर्ड नाही, दोन्ही सुना हाताखाली, त्यांना कधी कुणी काही बोललं नाही. त्याच गल्लीत एकानं पोर्चमध्ये चार टेबलं टाकली आणि तक्रार तिसऱ्या आठवड्यात गेली, तीही शेजाऱ्यानंच केली, नियमापेक्षा गाड्या दारात लागतात म्हणून.

दुकानच टाकायचं असेल तर पहिला प्रश्न रस्त्याचा. रहिवासी झोनचे दोन प्रकार आहेत, आर-वन आणि आर-टू. गावठाणाबाहेर १२ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावरचा प्लॉट आर-टू मध्ये येतो आणि तिथं दुकान-ऑफिस असा मिश्र वापर बराच चालतो. आतल्या लेआउटचे रस्ते सहा नाहीतर नऊ मीटरचे असतात, तिथं यादी एकदम आखडते. म्हणून दुकानासाठी रो-हाऊस बघताय तर एजंटच्या तोंडच्या "रोडटच हाय" वर जाऊ नका, लेआउटच्या नकाशावर रस्त्याची रुंदी मीटरमध्ये बघा.

घरपट्टी भरतोय म्हणजे बांधकाम अधिकृत

नाही. घरपट्टी हा कर आहे, अनधिकृत बांधकामालाही लागतो. उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये बेकायदा बांधकामावर कराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, लावायची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित झालं असं धरायचं नाही हेही तिथंच लिहिलंय. घरपट्टीच्या उताऱ्यावर 'शास्ती' असा शब्द दिसला तर खरेदी करताना तिथंच थांबा आणि विचारा कशाची.

एनएचं, म्हणजे जमीन बिगरशेती करून घेतल्याचं, पण तसंच. "एनए प्लॉट हाय, काय पण बांधा" हे मी इतक्यांदा ऐकलंय. एनए कुठल्या कारणासाठी झालंय ते आदेशात किंवा सनदेत लिहिलेलं असतं, निवासी असेल तर निवासी. आता अंतिम विकास आराखडा जाहीर झालेल्या भागात वेगळी एनए परवानगी लागत नाही, पण तीही आराखड्यात जो वापर दाखवलाय त्याच वापरापुरती.

'१५०० फुटाच्या आत परवानगी लागत नाही' हे अर्धंच ऐकणं

ही बातमी २०२० च्या शेवटी आली आणि गवंड्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे तेच सांगायला लागले. नियमात आकडा १५० चौरस मीटरच्या प्लॉटचा आहे, म्हणजे फुटात १६०० च्या थोडं वर. पण परवानगी लागत नाही याचा अर्थ काय, तर फाईल टेबलावर मंजुरीसाठी पडून राहत नाही. आर्किटेक्टच्या किंवा लायसन असलेल्या माणसाच्या सहीचा नकाशा, मालकीचे कागद, फी, हे सगळं द्यायचंच, आणि त्याची जी पोच मिळते तीच परवानगी मानतात. आणि नकाशा नियमात बसणारा पाहिजे, सामासिक अंतरं (घराभोवती सोडायची मोकळी जागा, ज्याला मार्जिन म्हणतात), एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधता येतं ते प्रमाण), मजले सगळं पाळून. आमच्या ओळखीत एकानं काहीच न देता वरचा मजला चढवला, विचारलं तर म्हणतोय "मोबाईलवर बातमी हाय की". ती दाखवून काय उपयोग, पोच कुठाय?

रो-हाऊसला साईड मार्जिन नाही म्हणजे मार्जिनच नाही

इथं जरा थांबून वाचा, कारण भांडणं इथंच होतात. रो-हाऊसला बाजूचं अंतर शून्य असतं, भिंत सामाईक असते म्हणून. पुढचं आणि मागचं अंतर शून्य नसतं. यूडीसीपीआरमध्ये १२ मीटर किंवा त्याहून कमी रुंदीच्या रस्त्यावरच्या रो-हाऊसला पुढं २.२५ मीटर आणि मागं १.५० मीटर मोकळं पाहिजे. कोपऱ्याच्या घराला बाजूनंही सोडायला लागतं. एका ओळीत तीनपेक्षा कमी नाही आणि बारापेक्षा जास्त नाही एवढीच घरं, आणि दोन ओळींच्यामध्ये सहा मीटर मोकळी जागा किंवा रस्ता. ती सहा मीटरची जागा 'कुणाचीच नाही' म्हणून तिथं टाकी, शेड, बाग करून घेणारे असतात, ती जागा नकाशात मोजलेली असते.

पुढच्या मार्जिनमध्ये ओटा, रेलिंग, पोर्चच्या छताला खांब हे चालत नाही. पायऱ्या घराच्या रेषेपासून १.२० मीटरच्या आत असतील तर चालतात. आपल्याकडं काय होतं, आधी फरशी, मग दोन खांब, मग वर स्लॅब, मग ग्रील, दिवाळीला ग्रीलच्या जागी भिंत, आणि पुढच्या वर्षी त्याला 'हॉल वाढवला' म्हणायचं. मागच्या दीड मीटरचं तर विचारू नका. आमच्या ओळीत ड्रेनेजची लाईन मागच्या बोळातून जाते, एकानं बोळ किचनमध्ये घेतली आणि चेंबर त्याच्या ओट्याखाली गेलं. पावसाळ्यात चोकअप झालं तर पलीकडच्या चार घरांचं पाणी तुंबतंय आणि साफ करणारा माणूस आत जाणार कुठनं? शेवटी ओटा फोडला, खर्च कुणी करायचा यावर सहा महिने बोलणं बंद.

एक लक्षात ठेवा, तुमचं घर जुन्या नियमावलीत मंजूर झालं असेल तर तेव्हाची अंतरं वेगळी असू शकतात. जे मंजूर झालंय त्याला तुमचा त्यावेळचा मंजूर नकाशा बघायचा, नवीन जे काढणार त्याला आत्ताचा नियम. दोन्हीची खिचडी करू नका.

आणि आतलं काम? आतली भिंत काढली, फरशी बदलली, किचन हलवलं, ज्यानं बाहेरून दिसणं बदलत नाही अशा दुरुस्तीला एमआरटीपीच्या कलम ४३ मध्ये सूट आहे. पण रो-हाऊसची सामाईक भिंत तुमची एकट्याची नाही, ती फोडून कपाट बसवताना शेजाऱ्याला विचारा, आणि जुनं लोड-बेअरिंग काम असेल तर इंजिनियरला विचारा. पलीकडं तडा गेला की तिथं कायदा नंतर येतो, आधी शेजारी येतो.

एफएसआय शिल्लक आहे, पण कुणाचा?

नऊ मीटरपेक्षा कमी रस्त्यावर मूळ एफएसआय १.१०. प्लॉट ९० चौरस मीटरचा असेल तर ९९ चौरस मीटर, त्यावर नियमाप्रमाणे प्रीमियम (जादा शुल्क) भरून निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय. आकडेमोड बघून माणूस खूश होतो की माझं तर अजून बरंच शिल्लक आहे. पण आधी सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड काढा. प्लॉट स्वतंत्र पाडून तुमच्या एकट्याच्या नावावर आहे का, की जमीन सगळ्यांची मिळून एक आहे आणि तुमचा त्यात अविभक्त, म्हणजे वेगळा न पाडलेला, हिस्सा? १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लेरेशन (सामाईक मालकीचा दस्त) झालेल्या बऱ्याच स्कीममध्ये दुसरी गोष्ट असते, मग शिल्लक एफएसआय सगळ्यांचा आणि सगळ्यांच्या संमतीशिवाय वरचा मजला नाही. ज्यानं आधी बांधलं त्यानं बाकीच्यांचा हिस्सा पण खाल्ला असं होतं, आणि शेवटच्याला अर्ज करताना कळतं. लेआउटमधला ओपन स्पेस पण असाच सगळ्यांचा, तिथं 'तात्पुरतं' गाडीचं शेड टाकू नका, तात्पुरती शेडं आपल्याकडं नातवंडं बघतात.

घेण्याआधी दोन रेषा आणि एक प्रमाणपत्र

सांगलीत राहून पूररेषा बघितली नाही तर काय म्हणायचं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या. नदी ते निळी रेषा नवीन बांधकाम नाही, निळी ते लाल मध्ये जोता लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर पाहिजे. विकणारा म्हणतो "आमच्याकडं पाणी येत नाही", तो कुठल्या सालाचं बोलतोय ते विचारा.

गुंठेवारीचा भाग, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट असतील तर, आणि शामरावनगरसारख्या भागात हे बघावंच लागतं, नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मागा. २००१ चा कायदा आहे, आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं धरत होते, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणलं. अर्जाची पोच दाखवून "झालंय नियमित" म्हणणारे भेटतील, अर्ज म्हणजे प्रमाणपत्र नाही.

नोटीस आलीच तर

फाडून टाकू नका आणि ओळखीच्या नगरसेवकाकडं पळूही नका, आधी वाचा. कुठल्या कलमाची आहे? काम चालू असताना थांबवायची असते ती एमआरटीपीच्या कलम ५४ ची, मग त्या दिवशीच गवंड्याला थांबवा. झालेल्या कामाची कलम ५३, त्यात मुदत दिलेली असते, नोटिशीत जी लिहिलीय तीच खरी. त्या मुदतीत बांधकाम ठेवू द्यावं म्हणून रीतसर अर्ज करता येतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत ती नोटीस अडून राहते. नियमात बसत असेल तर हाच रस्ता, बसत नसेल तर जेवढं बसत नाही तेवढं आपणच काढलेलं स्वस्त पडतं. कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दंड दोन्ही आहे, म्हणून "काय होत नसतंय ओ" म्हणणाऱ्याला तुमच्या जागी उभं करा.

आता आमचं शेड. गळती होती म्हणून गच्चीवर पत्रा टाकला, इथपर्यंत ठीक, मग नवरा म्हणाला बाजूनं पण झाकू, मुलाला अभ्यासाची खोली होईल. घरावर टॉप-अप लोन काढायला गेलो तर बँकेचा व्हॅल्युएशनवाला मंजूर नकाशा मागायला लागला, आणि आमच्याकडं नकाशाच नव्हता, बिल्डरनं दिला नव्हता आणि आम्ही पंधरा वर्षं मागितला नव्हता. मी सेक्रेटरी, लोकांच्या नोटिसा वाचणारी! शेवटी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं, सव्विसाव्या दिवशी नकाशा आणि भोगवटा दाखल्याची (बांधकाम पुरं होऊन राहायला परवानगी मिळाल्याच्या कागदाची) प्रत हातात. त्यात बघितलं तर मागचा दीड मीटर आमचाही दहा इंचांनी कमी भरत होता. शेडच्या बाजू त्या रविवारी काढल्या, वरचा पत्रा ठेवलाय, आणि दहा इंचांचं आर्किटेक्टशी बोलणं चालू आहे.