करंट आउटपुट सेन्सर घेताय? आधी रेझिस्टर बघा

भोसरी-चाकणकडे इन्स्ट्रुमेंटेशनला नवीन लागलात की पहिला सल्ला हाच मिळतो, वायर लांब असेल तर करंट आउटपुट घे, विषय संपला. सल्ला बरोबरच आहे. एलएम३५ हा व्होल्टेज आउटपुटचा तापमान सेन्सर डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो, ग्राउंडमध्ये तेवढाच फरक आला की एक डिग्री गेली, आणि शेजारी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असला तर रीडिंग नुसतं नाचतं. एडी५९० हा करंट आउटपुटचा तापमान सेन्सर केल्विनला १ मायक्रोअँपिअर देतो, वायरमध्ये थोडं व्होल्टेज पडलं तरी सेन्सरवर ४ व्होल्ट उरले की त्याला काही फरक पडत नाही.

पण एडीसीला (सिग्नलचा आकडा करणाऱ्या चिपला) शेवटी व्होल्टेजच लागतं आणि ते रेझिस्टर देतो, सगळी गोची इथे आहे. २५ डिग्रीला, म्हणजे २९८ केल्विनला, करंट साधारण २९८ मायक्रोअँपिअर, १० किलोओहमवर २.९८ व्होल्ट. आता रेझिस्टर १ टक्क्याचा असेल तर वाटतं चूक २५ च्या १ टक्का, म्हणजे पाव डिग्री. नाही हो! मोजणी केल्विनपासून आहे, चूक २९८ च्या १ टक्का, म्हणजे जवळजवळ तीन डिग्री. या तीन डिग्रींनी माझी झोप उडवली होती, सेन्सर बदलला, सप्लाय बदलला, आकडा जागचा हलेना. ४-२० मिलिअँपिअर आउटपुटच्या ट्रान्समीटरलाही तेच, २५० ओहम १ टक्क्याचा आणि रेंज ०-२०० डिग्री असेल तर वरच्या टोकाला अडीच डिग्री जातात.

'कोडमध्ये तीन वजा कर' असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. टॉलरन्स (रेझिस्टरची मुळातली चूक) तसा झाकता येतो, ड्रिफ्ट (तापल्यावर सरकणं) नाही. १०० पीपीएमचा (डिग्रीमागे दहा लाखात १०० भाग बदलणारा) रेझिस्टर पॅनेलमध्ये २० डिग्री तापला की परत ०.६ डिग्री सरकला. ०.१ टक्का, २५ पीपीएमचा घ्या. खरा गुरू तो जो मीटर हातात देतो. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घ्या, पाणी लागणार नाही असा गुंडाळून सेन्सर बुडवा आणि मायक्रोअँप रेंजवर मीटर सिरीजमध्ये लावा. २७३ च्या आसपास दिसलं की सेन्सर ठीक, दोष रेझिस्टरचा.

घाबरू नका, हे एकदा हातात बसलं की बसलं. आणि सेन्सर-एडीसी एकाच बोर्डवर असतील तर बिनधास्त व्होल्टेज घ्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीत एडी५९० घेताना मात्र शेवटचं अक्षर वाचा, २५ डिग्रीला 'जे' (J) ग्रेड ±५ डिग्रीपर्यंत चुकू शकतो, 'एम' (M) ग्रेड ±०.५.