जंगलाच्या कडेची जमीन साफ करताना: मृगाआधीची कामे

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला, आरेपासून येऊरपर्यंत, मार्च ते मृग या काळात जमीन साफ करण्याची घाई असते. कोयत्याला हात लावण्याआधी कागद काढा. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात किंवा मालमत्ता पत्रकावर वन, खाजगी वन अशी नोंद असेल, तर जमीन तुमच्या नावावर असली तरी वनखात्याची लेखी परवानगी हातात येईपर्यंत काम सुरू करू नका. नोंद नसली तरी 5 डिसेंबर 2016 च्या अधिसूचनेने उद्यानाभोवती ठरवलेला पर्यावरण संवेदनशील पट्टा पाहा. काही ठिकाणी तो 100 मीटरच आहे, काही ठिकाणी 4 किलोमीटरपर्यंत जातो. त्यात चालू शेतीला आडकाठी नाही, पण खाजगी जागेतले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. मुंबई महापालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. हद्द डोळ्याने धरून जेसीबी घालू नका, आधी मोजणी करून घ्या.

मुरूम किंवा माती शेताबाहेर नेणार असाल तर तहसीलदारांची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागते. ते टाळले तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडीही अडकते.

घाणेरी (टणटणी, लँटाना) वरवर छाटण्यात काही अर्थ नाही. महिन्याभरात बुंध्यातून दुप्पट फांद्या फुटतात. बुंध्याभोवतीची माती मोकळी करा, मूळ जमिनीखाली चार-पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडा आणि झुडूप मुळे वर करून उलटे टाका. मुळाला माती लागली नाही की ते पुन्हा धरत नाही. काळी फळे येण्याआधी हे उरका. बुलबुल बी पसरवतात, म्हणून पावसाळ्यात मोठ्या झाडांखाली रोपे शोधून उपटा.

दाट झुडपात दिवसा बिबट्या बसलेला असू शकतो. म्हणून साफसफाई वस्तीकडून जंगलाकडे करत जा, आवाज करत, आणि जंगलाची बाजू मोकळी ठेवा. चारही बाजूंनी कोंडलेला प्राणी अंगावर येतो. काम सकाळी नऊनंतर सुरू करून चारच्या आत थांबवा. पिल्ले दिसली तर हात लावू नका. मागे फिरा, त्या भागातले काम बंद ठेवा आणि 1926 या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा. आई बहुधा परत येते, मात्र भोवती गर्दी असेल तर येत नाही. मोकळ्या माळावर टिटवीची अंडी उघड्यावर खड्यांतच असतात. तिथे दगड रोवून खूण करा आणि तेवढा तुकडा पिल्ले निघेपर्यंत सोडा.

काढलेला पालापाचोळा पेटवू नका. भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजण्याची, म्हणजे राब भाजण्याची सवय जुनी आहे, पण एप्रिल-मेच्या वाऱ्यात ठिणगी सुकलेल्या गवतातून थेट जंगलात शिरते, आणि वनात वणवा लागला तर गुन्हा दाखल होतो. भातरोपासाठी गादीवाफे करा, पाला कुजवून खत करा. ढीग घराला लागून नको. त्यात उंदीर होतात, मागोमाग साप येतात.

सपाटीकरण शेवटी आणि शक्य तितके कमी करा. इथे मातीचा थर पातळ असतो. जेसीबीने एकदा मुरूम वर आणला की पुढची कित्येक वर्षे पीक उठत नाही. वरची 15 सेंटिमीटर माती आधी बाजूला काढा, खालची पातळी नीट झाल्यावर ती परत पसरा. उतारावर बांध समपातळीवरच हवेत. वरच्या टोकाला जोडलेले दोन मीटरचे दोन बांबू, मध्ये आडवी काठी आणि वरून दोरीने सोडलेला दगड, अशा 'A' आकाराच्या चौकटीने रेषा आखता येते. ओढ्याच्या काठची झाडी, करवंदीची जाळी आहे तशी राहू द्या. दहिसर नदी उद्यानातच उगम पावते. उघडी माती जूनच्या पहिल्या सरीत थेट तिच्यात जाते आणि पात्र गाळाने भरते. मातीकाम मेच्या तिसऱ्या आठवड्यातच थांबवा, म्हणजे बांध दाबायला आणि त्यावर गवताचे ठोंब लावायला वेळ मिळतो. प्रत्येक बांधाला दगडी सांडवा (जादा पाणी निघायची वाट) ठेवा, नाहीतर साचलेले पाणी बांध मधूनच फोडते. पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच फेरी मारा आणि सांडव्याखाली माती खचली असेल तिथे दगड भरा.