पतसंस्थेत ‘हातात किती पडणार’ ते आधी विचारा

अक्कलकोट रोडला टॉवेलाचे दोन माग टाकायचेत किंवा घरच्या शेंगा चटणीसाठी मोठं यंत्र घ्यायचंय, आणि बँक तारण मागतेय. मग सोलापुरात पाय आपोआप पतसंस्थेकडे वळतात. ओळखीची माणसं, कागदं कमी. पण व्याज ‘फ्लॅट’ (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) की ‘घटत्या शिलकीवर’ (फेडायच्या उरलेल्या रकमेवर), हे पहिल्याच भेटीत विचारा. एक लाख रुपये वर्षासाठी 12 टक्के फ्लॅटने घेतले तर हप्ता 9,333 रुपये बसतो. तोच हिशोब घटत्या शिलकीवर मांडला तर दर साधारण साडेएकवीस टक्के निघतो! शिवाय सभासदत्वाचे शेअर्स, प्रक्रिया शुल्क, विमा हे बऱ्याचदा आधीच कापून घेतात. हातात किती पडणार, ते लिहूनच घ्या. जामीनदारालाही हप्ते समजावून सांगा. नंतर भावकीत तोंडं वाकडी होतात.

घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर मायक्रोफायनान्सचं, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचं छोटं, विनातारण कर्ज मिळू शकतं. ते मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. गटाचं कर्ज असेल तर मात्र शेजारणीचा हप्ता चुकला की तगादा आपल्याकडे येतो, हे धरून चला.

एनबीएफसीकडे, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीकडे, गेलात तर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर छापलेला असतो. खासगी सावकाराकडे जायचंच झालं तर 2014 च्या कायद्याप्रमाणे परवाना बघा, आणि कोऱ्या धनादेशावर सही अजिबात नको. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.