ब्रोकरविरुद्धच्या लवादात दंडात्मक भरपाई मागावी काय?

लातूरच्या आडतीत सोयाबीन विकून आलेले 3 लाख रुपये एखाद्याने ट्रेडिंग खात्यात ठेवले आणि ब्रोकरच्या अधिकृत प्रतिनिधीने न विचारता वायदे-ऑप्शनचे सौदे करून ते घालवले, तर तक्रारदाराला पैसे परत हवे असतातच, शिवाय समोरच्याला अद्दलही घडवायची असते. त्या रागात लवादाच्या, म्हणजे न्यायालयाबाहेर त्रयस्थाकडून निवाडा मागण्याच्या, अर्जात ‘दंडात्मक भरपाई 10 लाख’ (नुकसानीपलीकडे शिक्षा म्हणून मागितलेली रक्कम) असे लिहिले जाते. माझ्या मते हा आकडा खऱ्या मागणीचे वजन कमी करतो.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 नुसार करारभंगाबद्दल मिळते ती प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई. दूरान्वयाने झालेले नुकसान त्यात बसत नाही. लवाद कायदा, 1996 चे कलम 28 लवादाला देशातील कायद्यानुसारच निर्णय देण्यास बांधते, आणि केवळ न्यायबुद्धीने निवाडा करण्याची मुभा दोन्ही पक्षांनी स्पष्टपणे दिली असेल तरच असते. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये मास्त्रोबुओनो खटल्यात गुंतवणूकदार दांपत्याला लवादाने दिलेली 4 लाख डॉलरची दंडात्मक भरपाई कायम केली, कारण करारात ती स्पष्टपणे वगळलेली नव्हती. इंटरनेटवर हा निकाल वाचून येथील अर्जात तो उद्धृत करण्याचा मोह टाळावा; तो तेथील कायद्यावर आणि त्या कराराच्या शब्दांवर उभा आहे.

मग मागावे काय? प्रथम कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्यांची पावती), लेजर (ब्रोकरकडील खातेउतारा) आणि बँकेचा उतारा समोर ठेवून विनापरवाना सौद्यांची तारीखवार यादी करावी आणि प्रत्येक सौद्यापुढे तोटा व दलाली वेगवेगळी लिहावी. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या 22 मार्च 2018 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने सौदा सांगितल्याचा पुरावा, म्हणजे फोनचे रेकॉर्डिंग, ईमेल, एसएमएस किंवा लेखी नोंद, ब्रोकरने जपून ठेवायची असते. म्हणून तो पुरावा हजर करण्याची मागणी अर्जातच करावी. बहुतेक प्रकरणे याच मुद्द्यावर फिरतात, त्यामुळे सर्वाधिक वेळ येथे द्यावा. त्यानंतर लवाद कायद्याच्या कलम 31(7) खाली व्याज आणि कलम 31-अ खाली खर्च मागावा. मनस्तापाची रक्कमही धरू नये, कारण साध्या व्यापारी करारात ती देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये गाझियाबाद विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात म्हटले आहे.

तक्रार आधी ब्रोकरकडे लेखी द्यावी, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर किंवा स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद सोडवण्याच्या पोर्टलवर जावे. स्मार्ट ओडीआरवर प्रथम सलोखा होतो आणि तो फसल्यास लवाद. हे सारे ऑनलाइन असल्याने नांदेड किंवा परभणीहून मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत.

कायद्याला सोडून रक्कम मिळालीच, तरी ब्रोकर लवाद कायद्याच्या कलम 34 खाली 3 महिन्यांच्या आत न्यायालयात जाऊन त्यावर आक्षेप घेऊ शकतो, आणि हातात आलेला निवाडा लांबणीवर पडतो. शिक्षा व्हावी हीच इच्छा असेल, तर सेबीकडे स्वतंत्र तक्रार करावी. मात्र सेबी कायद्याखालील दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, तक्रारदाराच्या खात्यात नव्हे.