स्की जंपरची कारकीर्द निकालांवरून कशी तपासावी

निवृत्त स्की जंपरची (पायांना स्की बांधून बर्फाच्या उतारावरून लांब उडी मारणाऱ्या खेळाडूची) कारकीर्द जोखताना पदकांची बेरीज करून थांबू नये. त्याने कोणत्या हंगामात, किती मोठ्या हिलवर (उडीसाठी बांधलेल्या उतारावर) आणि कोणत्या नियमांखाली उड्या मारल्या, हे आधी पाहावे. नॉर्वेचे एस्पेन ब्रेडेसेन (जन्म १९६८) यांचे उदाहरण त्यासाठी सोयीचे आहे, कारण त्यांचा उत्कर्षकाळ थोडका असून त्यातील चढउतार ठळक आहेत.

प्रथम वर्षवार यादी करावी आणि अपयशाची वर्षे तीतून गाळू नयेत. १९९२ च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये नॉर्मल हिलच्या (लहान हिलच्या) निकालात ब्रेडेसेन जवळजवळ तळाशी होते. पुढच्याच वर्षी फालुन येथे ते लार्ज हिलवर (मोठ्या हिलवर) जगज्जेते झाले आणि १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी फोर हिल्स मालिका (चार हिलवरील स्पर्धांची मालिका), विश्वचषकाचे म्हणजे हंगामभराच्या स्पर्धांचे एकूण विजेतेपद आणि लिलेहामर ऑलिंपिकमध्ये नॉर्मल हिलचे सुवर्णपदक मिळवले. ‘व्ही’ शैली, म्हणजे हवेत स्कीची टोके फाकवून उडण्याची पद्धत, याच सुमारास सर्वत्र रूढ होत होती, त्यामुळे त्याआधीच्या अंतरांशी त्यांच्या अंतरांची थेट तुलना करू नये.

यानंतर एखाद्या महत्त्वाच्या स्पर्धेचे गुण स्वतः मांडून पाहावेत. माझ्या मते खेळाडूची खरी ओळख इथेच होते. लिलेहामरच्या लार्ज हिलचा के-पॉइंट, म्हणजे अंतराचे गुण ज्यापासून मोजतात ती खूण, १२० मीटरवर होता. तेवढ्या अंतराला ६० गुण मिळतात आणि पुढच्या प्रत्येक मीटरला १.८ गुणांची भर पडते. ब्रेडेसेन यांच्या उड्या १३५.५ आणि १२२ मीटरच्या होत्या, म्हणजे अंतराचे गुण ८७.९ आणि ६३.६, मिळून १५१.५ झाले. त्यांचे एकूण गुण २६६.५ असल्यामुळे उरलेले ११५ गुण शैलीचे ठरतात. पाच परीक्षकांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांचे (प्रत्येकी कमाल २०) गुण धरले जातात, म्हणून दोन उड्यांसाठी शैलीचे कमाल गुण १२० होतात. जर्मनीचे येन्स वाइसफ्लोग यांनी १२९.५ आणि १३३ मीटर उड्या मारून एकूण २७४.५ गुण मिळवले. हाच हिशेब केल्यास त्यांचे शैलीगुण ११४ निघतात. सर्वांत लांब उडी आणि किंचित सरस शैलीगुण असूनही ब्रेडेसेन यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले, ते केवळ दुसरी उडी आखूड पडल्यामुळे. पदकतालिकेत हे कधीच दिसत नाही.

विक्रमांची नोंद वेगळी ठेवावी, आणि हिलचे नाव लिहिल्याशिवाय आकडा लिहू नये. ब्रेडेसेन यांनी स्लोव्हेनियातील प्लानित्साच्या फ्लाइंग हिलवर (सर्वांत मोठ्या प्रकारच्या हिलवर) १९९४ मध्ये २०९ मीटर आणि १९९७ मध्ये २१० मीटरचा जागतिक विक्रम केला; दुसरा विक्रम त्यांचेच देशबांधव लासे ओटेसेन यांनी त्याच दिवशी २१२ मीटरची उडी मारून मोडला. पुढे फ्लाइंग हिलची बांधणी बदलत गेली आणि अंतरे वाढली, म्हणून आजच्या आकड्यांशेजारी २०९ मीटर ठेवून ती उडी किरकोळ ठरवणे चुकीचे होईल.

दोन पिढ्यांची तुलना करायची असेल, तर स्पर्धेची सुरुवात कधी झाली हेही तपासावे. नॉर्वेचेच आधीच्या पिढीतले स्की जंपर ब्यर्न विर्कोला यांनी १९६६ मध्ये नॉर्मल आणि लार्ज अशा दोन्ही हिलवर जागतिक विजेतेपद आणि १९६७ ते १९६९ अशी सलग तीन वर्षे फोर हिल्स मालिका जिंकली. विश्वचषक मात्र १९७९-८० च्या हंगामात सुरू झाला. त्यामुळे त्यांच्या तक्त्यात विश्वचषकाच्या रकान्यात शून्य न लिहिता ‘स्पर्धा सुरू झालेली नव्हती’ अशी नोंद करावी.