लेथवर टेपर, स्लीव्ह आणि अ‍ॅडॉप्टर कसे वापरावेत

भोवरा, लाटणं, रवी, चौरंगाचे पाय: कोकणात कातकामाला तोटा नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी बघून घरी छोटा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं मशीन, घेतलेले बरेच जण मला भेटतात. पहिला महिना मजेत जातो. मग भोक पाडायचं ड्रिल धरणारा ड्रिल चक लागतो, लाकडाला टोकाशी टेकू देणारं फिरतं सेंटर लागतं, कुणाकडून तरी जुन्या सामानाचा डबा मिळतो, आणि कळतं की यातलं निम्मं आपल्या मशीनमध्ये बसतच नाही.

हेडस्टॉकच्या (लाकूड फिरवणारं टोक) स्पिंडलमध्ये (फिरणारा आस) आणि टेलस्टॉकच्या (समोरचं आधाराचं टोक) क्विलमध्ये (पुढे-मागे सरकणारी नळी) जे निमुळतं भोक असतं ते मोर्स टेपरचं; टेपर म्हणजे निमुळता उतार. १८६० च्या दशकात अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी ही पद्धत आणली, आणि आजही तीच चालते. वीस मिलिमीटर लांबीमागे व्यास साधारण एक मिलिमीटरने कमी होतो. उतार इतका थोडा असल्यामुळे सामानाचा निमुळता दांडा आत दाबला की पोलाद पोलादाला धरून बसतं. सगळी पकड घर्षणाची. म्हणून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडे हवेत, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत नेमकं तेच अवघड जातं.

आधी मोजा, मग विकत घ्या

व्हर्नियरने भोकाच्या तोंडाचा व्यास घ्या. १२ मिलिमीटरच्या आसपास असेल तर एमटी (मोर्स टेपर) १, १७.८ असेल तर एमटी २, २३.८ असेल तर एमटी ३. हौशी लेथवर बहुधा १ किंवा २ सापडतो. दोन्ही टोकं वेगवेगळी मोजा. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक सारखेच असतील असं धरून चालू नका. स्पिंडलच्या बाहेरचे आटेही याच वेळी बघून ठेवा. एक इंच व्यास आणि इंचाला ८ आटे हे माप बरंच आढळतं, तर काही मशीनवर ३३ मिलिमीटर व्यास आणि ३.५ मिलिमीटर अंतराचे आटे असतात. या आट्यांवर बसणारा, लाकूड धरणारा चक घेताना हे माप चुकलं तर वेगळा आट्यांचा अ‍ॅडॉप्टर लावावा लागतो. तो लावल्यावर चक बेअरिंगपासून लांब जातो आणि थरथर वाढते. शक्यतो योग्य आट्यांचाच चक घ्या.

स्लीव्ह कधी, कुठली

तुमचं मशीन एमटी २ चं आणि सेंटर एमटी १ चं असेल, तर बाहेरून २ आणि आतून १ असलेली स्लीव्ह, म्हणजे मधली निमुळती नळी, घ्या. उलट्या बाजूने मात्र जमत नाही. एमटी १ च्या भोकात २ चं सामान बसवणारी स्लीव्ह मिळते, पण ती बाहेर लांब येते, लेथची उपयोगी लांबी खाते आणि डोलते. त्यापेक्षा ते सामान विकून टाकावं, असं माझं मत आहे.

स्लीव्ह निवडताना तिचं मागचं तोंड उघडं आहे ना, ते बघा. ड्रिल मशीनच्या स्लीव्हचं मागचं टोक चपटं आणि बंद असतं, बाजूला पाचर मारायची खाच असते. ती हेडस्टॉकमध्ये घातली की मागून ठोकदांडा घातल्यावर स्लीव्ह निघते, आतलं सेंटर मात्र तिच्यातच अडकून राहतं. मागून उघडी असेल तर ठोकदांडा थेट सेंटरला लागतो.

बसवण्याची रीत

कोरड्या सुती फडक्याने दांडा आणि भोक पुसा. बोट आत फिरवून बघा, लाकडाचा एक बारीक तुकडासुद्धा सेंटर वाकडं बसवतो. मग दांड्यावर पेन्सिलने लांबीत तीन रेघा ओढा, हलकेच आत सरकवा, थोडं फिरवा, बाहेर काढा. रेघा वरपासून खालपर्यंत पुसल्या गेल्या तर मेळ बरोबर. एकाच टोकाला पुसल्या तर टेपर वेगळा आहे किंवा कुठेतरी ठेच लागून उंचवटा आला आहे. उंचवटा बारीक तेलदगडाने हलक्या हाताने उतरवा. जाड पॉलिश पेपर टेपरला कधीच लावू नका.

आता एका धक्क्यात आत ढकला, बास. ड्राइव्ह सेंटर (हेडस्टॉककडून लाकूड फिरवणारं सेंटर) मशीनमध्ये असताना त्यावर लाकूड ठोकू नका, तो मार बेअरिंगला बसतो. सेंटर बाहेर काढून बाकावर लाकडी हातोडीने लाकडात बसवा, मग दोन्ही उचलून लेथवर लावा. सागासारखं कठीण लाकूड असेल तर टोकाला करवतीने फुलीची खाच मारा.

ड्रिल चक

टेलस्टॉकमध्ये भोक पाडताना दाब आतल्या दिशेने असतो, त्यामुळे टेपर घट्टच राहतो. धोका मागे येताना. ओलसर लाकडात ड्रिल अडकलं की चक टेपरमधून सुटतो आणि लाकडाबरोबर गरगर फिरू लागतो. म्हणून वेग कमी ठेवा आणि मागे घेताना चकचं अंग हाताने धरून ठेवा, हातमोजे न घालता.

हाच टेपरचा ड्रिल चक हेडस्टॉकमध्ये लावायचा असेल तर ड्रॉबार हवाच. बाजूने येणारा ताण आणि थरथर टेपर सोडवतात. ड्रॉबार म्हणजे स्पिंडलच्या आरपार जाऊन टेपरच्या मागच्या आट्यात बसणारा, मागून नटने ओढून धरणारा रॉड. टेपरच्या मागे तसे आटे आहेत का, आणि रॉड स्पिंडलमधून जातो का, हे आधी तपासा. ड्रॉबार नसेल तर ड्रिल चक हेडस्टॉकमध्ये लावू नका.

पावसाळा

एका जूनमध्ये मी सेंटर भोकात तसंच ठेवून पंधरा दिवस बाहेरगावी गेलो. परत आलो तेव्हा दोघं एकजीव झाले होते. काढायला अख्खी दुपार गेली आणि भोकावर खड्डे राहिले ते कायमचे. तेव्हापासून काम संपलं की टेपर बाहेर काढतो, मशीन ऑइलचं बोट फिरवतो आणि झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. भोकालाही तेल लावतो. वापरण्याआधी ते पूर्ण पुसायचं, कारण तेल राहिलं तर टेपर घसरतो. हलका गंज आलाच तर रॉकेलच्या फडक्याने निघतो.

भोक साफ करायला मी खैराची खुंटी कातली आहे: एका टोकाला १७.८ मिलिमीटर, ६५ मिलिमीटर पुढे १४.५, तंतू लांबीत. फडकं गुंडाळून फिरवायला जागा राहावी म्हणून शेवटी अर्धा मिलिमीटर कमी केली. अशीच पूर्ण मापाची खुंटी भोवऱ्यासारखी छोटी कामं धरायलाही चालते, मात्र दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार हवा. श्रावणात ही पूर्ण मापाची खुंटी फुगते आणि आत पूर्ण जात नाही. तेव्हा तिला कातू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की परत लावून बघा, बहुधा पुन्हा पूर्ववत बसते.