कोइलओव्हर घेण्याआधी गाडी काट्यावर न्या

सोलापुरात दोन ऑफरोडवाले भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: "किती इंच लिफ्ट?" म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी किती उचलली. तीन वर्षांपूर्वी मीही तेवढंच डोक्यात घेऊन दुकानात गेलो आणि दुकानदारानंही तेवढंच विचारून सस्पेन्शनचं किट गळ्यात मारलं. पुढं विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) आहे का, मागं माणसं बसतात की पाण्याचे कॅन, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या स्प्रिंगा लोखंडी बंपर आणि विंचवाल्या गाडीसाठीच्या निघाल्या. माझ्या गाडीला दोन्ही नव्हतं. मुरमाच्या रस्त्यावर चाक खड्ड्यात उतरायचंच नाही, वरच्या वर उडायचं. मागं बसलेली बायको म्हणाली, "यापेक्षा बैलगाडी बरी की." सहा महिन्यांत किट निम्म्या किमतीत विकलं.

तर कोइलओव्हर घेताना क्रम असा ठेवा.

सगळ्यात आधी आपल्या गाडीला मुळात काय आहे ते खाली वाकून बघा. कोइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवतीच स्प्रिंग, दोन्ही मिळून एकच नग. २०२० नंतरच्या थारला आणि फॉर्च्युनरला पुढं तीच रचना आहे, त्यामुळं जुना नग काढून नवा बोल्टवर बसतो. जिम्नीत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. जिप्सीला चारीकडं कमानपाटे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण जिथं शॉकअप वेगळा असतो तिथली त्याची ब्रॅकेट फक्त धक्का झेलायला केलेली असते, गाडीचं वजन पेलायला नाही. तिथं कोइलओव्हर लावला तर सगळा भार त्या ब्रॅकेटवर येतो आणि ती फाटते. चेसीवर वजन पेलणारा नवा टॉवर बांधावा लागतो, आणि ते काम कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याचं नाही. जिम्नी-जिप्सीवाल्यांना माझा सल्ला सरळ आहे: चांगले वेगळे शॉकअप आणि वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगा किंवा पाटे घ्या, उरलेल्या पैशात टायर येतील.

मग काटा. ऊस आणि एमआयडीसीमुळं आपल्याकडं वजनकाट्यांना तोटा नाही. अक्कलकोट रोडला सकाळी लवकर गेलात तर ट्रकची रांग नसते. टाकी फुल्ल करा, स्टेपनी, जॅक, दोरखंड, कॅन, जे नेहमी असतं ते सगळं चढवा, नेहमीची माणसंही बसवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन आकडा लिहा, मग अख्खी गाडी. वजाबाकी केली की मागचं वजन मिळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा काटेवाला खिडकीतून डोकावून म्हणाला, "मालक, माल कुठाय?" त्याला कोइलओव्हर समजावण्यापेक्षा चहा पाजला. विंच आणि लोखंडी बंपर पुढच्या महिन्यात बसवायचा पक्का बेत असेल तर त्याचे ७०-८० किलो आत्ताच धरा. नुसती इच्छा असेल तर धरू नका. नाहीतर माझ्या किटासारखं होईल.

आता हिशेब. समजा पुढचं वजन ९८० किलो आलं, म्हणजे एका चाकावर ४९०. त्यातून चाक, ब्रेक, हब असं स्प्रिंगच्या खालचं वजन अंदाजे ५० किलो काढा, उरले ४४०. पण स्प्रिंगवर ४४० येत नाहीत, कारण शॉकअप चाकावर नसून आर्मच्या (चाकाला चेसीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मधे कुठंतरी बसलेला असतो. टेप घेऊन मोजा: जॅकनं चाक १० सेंमी वर घेतल्यावर शॉकअप किती दबला? ६ सेंमी दबला तर गुणोत्तर ०.६. मग स्प्रिंगवरचा भार ४४० भागिले ०.६, म्हणजे साधारण ७३३ किलो. बाजारात स्प्रिंगवर ताठरपणा बहुतेक पौंड प्रति इंचात लिहिलेला असतो. ६०० ची स्प्रिंग एक इंच दबायला २७२ किलो मागते, म्हणजे ७३३ किलोखाली ती सुमारे २.७ इंच बसेल. ७०० ची असेल तर २.३ इंच. शॉकअपवर फरक अर्ध्या इंचाहून कमी, पण चाकाशी तोच अर्ध्या इंचाच्या वर जातो. आणि चाकाला जाणवणारा ताठरपणा काढताना ते गुणोत्तर दोनदा लागतं: ६०० गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे २१६. मित्राच्या गाडीत जी स्प्रिंग लोण्यासारखी चालते ती आपल्या गाडीत दगड का होते, त्याचं कारण बहुतेक वेळा वजन आणि गुणोत्तर या दोन आकड्यांत असतं.

इथंच एक गैरसमज काढून टाकतो. कोइलओव्हरची कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती आट्यांची रिंग) पान्यानं आवळली की स्प्रिंग कडक होते असं गॅरेजात सर्रास सांगतात. होत नाही. सरळ दराची, म्हणजे प्रत्येक इंचाला सारखाच जोर मागणारी स्प्रिंग तेवढीच राहते, फक्त गाडी वर उचलली जाते आणि चाक खाली लोंबायला जागा कमी उरते. ओढ्यात एक चाक खड्ड्यात गेलं की नेमकी तीच जागा लागते. उंचीसाठी कॉलर चार-पाच आट्यांच्या पुढं आवळावी लागत असेल तर स्प्रिंग चुकलेली आहे, ती बदला.

किती हालचाल हवी ते कॅटलॉग बघून ठरवू नका. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या, स्प्रिंग काढा, चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही वेळा शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. चाक खाली असताना ब्रेकचा पाइप ताणतोय का, एक्सलचा रबरी बूट घासतोय का, ते बघा. वर असताना टायर मडगार्डला लागतो का, तेही. शॉकअप आतून टेकायच्या आधी बंपस्टॉप (धक्का अडवणारा रबरी ठोकळा) टेकला पाहिजे, नाहीतर प्रत्येक आदळीचा मार पिस्टनवर. स्प्रिंग काढताना खरा स्प्रिंग कॉम्प्रेसरच वापरा. तार गुंडाळून, पहार घालून काढणारे मिस्त्री मी पाहिलेत. दबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते.

शॉकअप निवडताना सोलापूरचा विचार करा. इथं मोठमोठे खडक चढण्याचे प्रसंग कमी. मुरमाचे पत्र्यासारखे नालीदार रस्ते, उसाच्या ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या, आणि एप्रिल-मेमधे चाळिशीपार पारा. नालीदार रस्त्यावर शॉकअप सेकंदाला कितीतरी वेळा वरखाली होतो, आतलं तेल तापतं, पातळ होतं, फेसाळतं, आणि अर्ध्या तासानं गाडी होडीसारखी डोलायला लागते. म्हणून एकाच नळीचा, नायट्रोजन भरलेला, जाड बॉडीचा नग घ्या. त्यात तेल जास्त मावतं आणि उष्णता थेट बाहेर जाते. वेगळी तेलाची टाकी असलेला परवडला तर आणखी चांगला, पण ती टाकी चाकाच्या दगडमाऱ्यात येणार नाही अशी बांधा. कंप्रेशन-रिबाउंडचे (शॉकअप दबताना आणि सुटताना किती अडवायचं त्याचे) दहा डायल मात्र बहुतेकांना लागत नाहीत. दोन महिने फिरवून मग एकाच जागी गंजतात.

घेण्याआधी विचारा की हा नग उघडून सील बदलता येतो का, नायट्रोजन कुठं भरून मिळेल आणि सुटे सील मिळतात का. पुण्या-मुंबईपर्यंत कुरिअर करावं लागणार असेल तर तो खर्च किमतीत धरा. शॉकअपच्या टोकांना रबरी बुश (बोल्टभोवतीची रबराची नळी) घ्या. लोखंडी गोळ्याचे जॉइंट दिसायला भारी, पण आपल्या फुफाट्यात लवकर ढिले होतात आणि कटकट आवाज सुरू होतो.

लिफ्टचं थोडक्यात: स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीला पुढं दीड-दोन इंचांवर गेलात की एक्सलचे जॉइंट तिरके होतात, कॅस्टर (स्टीअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कोन) बिघडतो आणि वरचा आर्म बदलायची वेळ येते. कायदाही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. सोलापूरच्या (एमएच-१३) आरटीओत आधी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. आणि गाडी झकास तयार झाली म्हणून नान्नजच्या माळात घालू नका. ते माळढोकचं अभयारण्य आहे.

बसवताना एक गोष्ट मिस्त्रीला बजावून सांगा: रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाक हवेत लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, हेडलाइट खाली करणं, आणि ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा.

पावसाळ्यात काळ्या रेगडीतून आलात की त्याच संध्याकाळी कॉलरच्या आट्यांवर पाणी मारा. गेल्या सप्टेंबरात मंगळवेढ्याकडून आलो आणि आळस केला. आठ दिवसांनी माती अशी धरली होती की पाना घसरून बोटाची साल गेली, कॉलर हलली नाही. शेवटी गोणपाट ओलं करून रात्रभर गुंडाळून ठेवलं आणि सकाळी जुन्या टूथब्रशनं एकेक आटा मोकळा केला.